सावलीचं माप

सांभाळून उतरा. पायाखाली शेण, त्याखाली चिखल, त्याखाली काळा खडक. तिन्ही सारखेच निसरडे. मोबाइल खिशातच राहू द्या, इथे रेंज यायला आठशे वर्षं आहेत. चाळीसगाव स्टेशन शोधू नका. रूळ नाहीत, डांबर नाही, केळीच्या ट्रकांचे भोंगे नाहीत. दक्षिणेची डोंगररांग मात्र ओळखीची वाटेल: तशीच हिरवीकंच, कमरेपर्यंत ढगात. पाटणादेवीला आला होतात तेव्हा याच डोंगरांकडे बघत तुम्ही भाजलेलं कणीस खाल्लं असेल. ते आज मिळणार नाही. मका अजून या देशात यायचा आहे.

तारीख एकदाच सांगतो, मग विसरून जा. ९ ऑगस्ट १२०७. श्रावणातली पौर्णिमा. गावाचं नाव पाटण. आणि आज चंद्रग्रहण आहे, म्हणून सगळ्यांनाच घाई आहे.

आधी नाक कामाला लावा, डोळ्यांपेक्षा ते लवकर रुळतं. ओल्या घोंगड्यांचा वास येतोय ना? भिजलेल्या मेंढीसारखा, उग्र. त्याच्या मागून गुळाचा, मग सुपारीच्या पोत्यांचा, मग गुरांचा. आणि या सगळ्यांवर बसलेला एक जाड, कोमट, खमंग वास. त्याच्या मागे मागे चला. करकर, करकर, करकर असा आवाज वाढत जाईल. तो तेलाचा घाणा. डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल फिरतोय, लाकडी लाट उखळात तीळ चिरडतेय, आणि खालच्या भांड्यात तेलाची धार पडतेय. जवळ उभे राहा. बैलाच्या अंगाची ऊब लागेल, तेलाचा तवंग ओठांवर येईल. घाणेवाल्याच्या दंडावरून घाम आणि पाऊस एकत्रच ओघळतोय.

भूक लागली असेल तर आत्ताच उरकून घ्या. वेध लागले की चुली विझतील, पाण्याच्या घागरींवर दर्भ पडतील आणि तुम्हाला ग्रहण सुटेपर्यंत उपाशी बसावं लागेल. त्या खोपटापुढच्या बाईकडे ज्वारीची भाकरी आहे. निखाऱ्यात भाजलेलं वांगंही आहे. साल काढलेलं, ठेचलेलं, वरून तेल. भरीत! गाव सापडल्यासारखं वाटलं ना? पहिला घास घ्या आणि थांबा. काहीतरी राहिलंय. मिरची नाही. हिरवी नाही, लाल नाही, ठेच्याचं नावही कोणी ऐकलेलं नाही. ती समुद्रापलीकडून यायला अजून तीनएकशे वर्षं आहेत. तिच्या जागी मिरे आहेत, आलं आहे, लसूण आहे. झणका जिभेवर न बसता नाकात चढतो. शेंगदाणे नाहीत, टोमॅटो नाही, बटाटा नाही. चहाची चौकशी करूच नका, लोक तुम्हाला आजारी समजतील.

बाजारात आज एकच कुजबुज आहे. ग्रहणाच्या पुण्यकाळात इथला निकुंभ राजा सोईदेव दान देणार. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ हे आपण आळीत ऐकत आलो. इथे ते राजाच्या शिक्क्याने व्हायचं आहे. पण दान गाईचं नाही की सोन्याचं नाही. दान आहे या बाजाराच्या उत्पन्नाचं. इथे जो माल उघडेल त्याच्या करातला वाटा, प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, आणि आणखी एक गंमत: इथे जे धान्य मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, त्या मोजणीच्या पट्टीतही मठाचा हिस्सा. हे सगळं एका मठाला. त्या मठात एका आजोबांचे ग्रंथ शिकवायचे आहेत.

घाणेवाला बैलाला थांबवत नाही, पण पुटपुटतो. ताऱ्यांच्या हिशेबाला तिळाचं तेल कशाला लागतं म्हणून. त्याला उत्तर देऊ नका. रात्री दिवे लागतील तेव्हा कळेल.

आता मठाकडे या. चिखलातून वर चढा, त्या कोरीव खांबांच्या महादेवाच्या देवळाला उजवीकडे ठेवून. ओट्यावर पोहोचण्याआधीच आवाज येईल, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. पंधरा-वीस पोरं एकाच वेळी वेगवेगळे श्लोक घोकतायत. पोथ्या आहेत, पण ताडपत्राच्या, आणि श्रावणात ताडपत्राला बुरशीची भीती. म्हणून ग्रंथ डोक्यात ठेवलेला बरा. ओल्या पंच्यांचा वास, दिव्याची काजळी, जमिनीवर सारवणाचा गारवा. बाई असाल तर बहुधा ओट्यावरच बसवतील. बसा, पाटी तिथूनही दिसते.

ही पाटी बघण्यासारखी आहे. लाकडी फळी, तिच्यावर बारीक धूळ पसरलेली, हातात काडी. आकडा लिहायचा, पुढचा काढायचा, मागचा बोटाने पुसायचा. चुकलं तर कोणाला पुरावा मिळत नाही. पावसाळ्यात मात्र धूळ ओली होते आणि आकडे गुठळ्या धरतात, म्हणून एक पोर चुलीजवळ धूळ वाळवत बसलंय. त्याच्या नाकाला, भुवयांना, कानांना धूळ. गणिताचा अभ्यास इथे अंगावर दिसतो.

मठ स्थापणाऱ्याचं नाव चांगदेव. यादव राजा सिंघणाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. त्याचे आजोबा भास्कराचार्य. त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. नातवाने ठरवलं की आजोबांचं गणित घरात कुलूपबंद राहू नये, त्याची शाळा व्हावी. बाहेर बाजारात बैल फिरतोय तो त्या शाळेच्या दिव्यासाठी.

अंधार पडला. पाऊस थांबलाय, पण ढग रेंगाळतायत. अंगणात मोठ्या घंगाळात पाणी आहे आणि त्यावर तांब्याची वाटी तरंगतेय. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाणी आत चढतं, वाटी जड होते आणि बुडते. ‘डुब्’ असा छोटासा आवाज. एक घटिका झाली, आपल्या हिशेबाने चोवीस मिनिटं. राखणदार पोरगा वाटी उचलतो, पुसतो, पुन्हा ठेवतो. दिवसरात्रीत साठ वेळा. त्याला जांभई आली की साऱ्या गावाचा वेळ चुकतो, म्हणून शेजारी दुसरा पोरगा त्याला चिमटे काढायला बसवलेला आहे.

आणि पाटीवरून निघालेली घटिका जवळ येतेय. नदीकडचा कालवा ऐका. अख्खं गाव डोंगरी नदीत उतरलंय, गार पाण्यात कमरेपर्यंत, दातांवर दात आपटत. कोणी ढोल बडवतंय, कोणी थाळी, कोणी नुसतं ओरडतंय. गरोदर सुनांना घरात कोंडलंय. पोरं अंधारात घसरून पडतायत आणि हसतायत. ढग फाटतो. चंद्र दिसतो. त्याची एक कड कुरतडलेली आहे.

नदीवर आरोळी उठते. मठाच्या अंगणात मात्र कोणी ओरडत नाही. सोळा-सतरा वर्षांचा एक विद्यार्थी मान वर करून उभा आहे, ओठ मोजणी करतायत. त्याच्या शेजारी जा. तो तुम्हाला ‘पाहुणे’ म्हणेल.

‘पाहुणे, टोकं बघा,’ तो म्हणतो. ‘उरलेल्या चंद्राची टोकं.’

बघा ना. सूर्यग्रहणात उरलेल्या सूर्याची टोकं बाभळीच्या काट्यासारखी अणकुचीदार असतात. इथे ती बोथट आहेत. झाकणारी वस्तू जर चंद्राएवढीच असती तर टोकं धारदार राहिली असती. बोथट आहेत म्हणजे झाकणारं चंद्राहून खूप मोठं. शिवाय हे ग्रहण लांबतं, सूर्यग्रहणासारखं झटक्यात आटपत नाही. लांबतं म्हणजेही झाकणारं मोठं. मग दोन्ही ग्रहणांत एकच राहू कसा? भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हाच मुद्दा मांडलाय, आणि मग पुराणाचाही मान राखलाय: राहू असेलच तर तो पृथ्वीच्या सावलीत शिरून काम करतो, असं म्हणून. पोरगा हे सांगताना किंचित हसतो.

‘पृथ्वीचा व्यास १५८१ योजनं,’ तो पाठ म्हणतो, ‘चंद्राचा ४८०. सावली पुढे पुढे निमुळती होते, तरी चंद्राच्या कक्षेपाशी ती चंद्राच्या अडीचपट उरते.’ पाटीवर तो हिशेब तुम्हाला दाखवेल, धूळ कोरडी असेल तर.

आता एक गोष्ट मनात आणा. ही सावली आज अचानक आलेली नाही. ती रोज रात्री तिथेच असते, सूर्याच्या उलट्या दिशेला अवकाशात लांबवर पसरलेली. ही रात्र म्हणजे तीच. तुम्ही आत्ता तिच्या आत उभे आहात. पण ती दिसत नाही, कारण काळ्यावर काळं दिसत नाही. चंद्र तिच्यात शिरला तेव्हा कुठे तिची कड उमटली. पोरगा चंद्राकडे बघत असला तरी माप तो सावलीचं काढतोय.

इथे तुमच्या जिभेला खाज सुटेल. सुटू द्या. तुम्ही भविष्यातून आलाय, एवढी मिजास चालेल.

‘चंद्राच्या पश्चिमेला श्रवणाचा तारा आहे ना,’ तुम्ही म्हणाल, ‘त्याच्या अंगाला एक जोडी आहे. एक तारा, आणि त्याचा सोबती कायमचा काळा. त्यातून प्रकाशसुद्धा सुटत नाही. आम्ही त्याला कृष्णविवर म्हणतो.’

‘काळा आहे तर कळला कसा?’

‘तो त्या ताऱ्याचा वायू ओढतो. वायू सरळ आत पडत नाही, गरगरत तबकडी होते. घासून घासून ती तापते, आतल्या कडेला कोटभर अंशांपर्यंत. इतक्या तापलेल्या वायूतून जे किरण निघतात ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेतून खाली येत नाहीत. त्यांना क्ष-किरण म्हणतात. आम्ही यंत्रं हवेच्या वर नेली, तेव्हा दिसले.’

पोरगा हवेच्या वर या शब्दांवर अडकत नाही, भलतंच विचारतो. ‘केवढा आहे तो?’

हा प्रश्न ऐकून त्याला मिठी मारावीशी वाटेल. मारू नका, त्याने स्नान केलंय.

‘तुझ्याच रीतीने काढला,’ असं सांगा. ‘त्या किरणांचा उजेड लुकलुकतो. एखादी वस्तू जितक्या वेळात एकदम उजळते किंवा मंदावते, तितक्या वेळात प्रकाश तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचायला हवा. नाहीतर सगळी वस्तू एकत्र बदलणार कशी? ग्रहण लांबलं म्हणून तू सावली मोठी म्हणालास. आमचा उजेड पटकन बदलला म्हणून आम्ही जागा लहान म्हटली.’

‘किती पटकन?’

आता त्याला चांगदेवाच्या आजोबांच्या भाषेत सांगा. सिद्धान्तशिरोमणीत वेळाची कोष्टकं आहेत आणि या पोरांना ती तोंडपाठ आहेत. पापणी लवण्याचा निमेष. त्याचा तिसावा भाग तत्पर. तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. आपल्या हिशेबात तत्पर म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद आणि त्रुटी म्हणजे सुमारे तीस मायक्रोसेकंद. अंगणात बुडणारी वाटी चोवीस मिनिटांना एकदा ‘डुब्’ करते, आणि ही पोरं सेकंदाच्या तेहतीस-चौतीस हजाराव्या भागाला नाव देऊन बसलीत! मोजणार कशाने, हा प्रश्न त्यांना पडला नसेल असं नाही. भास्कराचार्य यंत्राध्यायात शंकू, घटिका, फलकयंत्र असं सगळं सांगून झाल्यावर म्हणतात की सगळ्यांत श्रेष्ठ यंत्र बुद्धी. हात थकले तिथे पुढचं काम बुद्धीवर सोपवलं.

‘श्रवणाजवळच्या त्या जोडीत,’ तुम्ही सांगा, ‘कधी कधी उजेडाची थरथर येते. एका थरथरीला सुमारे पाच तत्परं.’

पोरगा चंद्र विसरून तुमच्याकडे बघतो. ज्या मापाला उभ्या आयुष्यात गिऱ्हाईक मिळालं नाही, त्याला आज मिळालं.

वाटी बुडाली. ‘डुब्.’ चला, आपल्याला गाडी पकडायची आहे.

निघता निघता एक गोष्ट. आत्ता, १२०७ च्या या रात्री, क्ष-किरणांचा एक लोट पृथ्वीकडे निघालेला आहे. मृगाच्या पूर्वेकडे, शृंगाश्व तारकासमूहात, सुमारे साडेतीन हजार प्रकाशवर्षांवर अशीच एक काळी जोडी आहे. तिथला भडका उडाला तेव्हा इथून जवळच्या गिरणाकाठच्या बहाळला तांब्या-दगडाची हत्यारं वापरणारी, रंगवलेली मडकी भाजणारी माणसं राहत होती. लोटाने वाटेच्या पाच भागांतले जवळपास चार भाग कापलेत. उरली ७६८ वर्षं. आपण त्याच्याबरोबरच पोहोचू.

उतरा. चाळीसगाव जंक्शन, ऑगस्ट १९७५, पहाटेचे पाच. पाय घसरणार नाही, फलाटाला फरशी आहे. पण वास ओळखीचा: ओली घोंगडी इथेही आहे. तिच्यात मिसळला बिडीचा धूर, फिनेल, दुधाच्या कॅनवरचा आंबूसपणा आणि उकळणारा चहा. घ्या, आता घ्या! बशीत ओतून फुर्रकन ओढा. आठशे वर्षं थांबलात.

धुळ्याची गाडी बाजूच्या फलाटाला लागलीय. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका डब्यात चढतायत, एकीचा धक्का दुसरीला, दुसरीची शिवी तिसरीला. छत्र्यांची टोकं सांभाळा. ‘भाऊ, कथा जाई राहिना?’ असं कोणी विचारलं तर धुळे म्हणा आणि सरका, नाहीतर जागा जाईल. कोंबड्यांची पाटी बाकाखाली ढकलली जाते. कोणीतरी पुरचुंडी सोडतो; कळण्याची भाकरी, आणि ठेचा. तो वास नाकात शिरताच डोळ्यांत पाणी येईल, आणि ते फक्त तिखटाचं नसेल. स्टेशनाजवळच्या एका दगडी घरात केकी मूस राहतात. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड आणि सावली हवी तशी पाडून ते छायाचित्रं काढतात. प्रकाशाला बोलतं करणारा असा माणूस हाकेच्या अंतरावर असतानाही, आत्ता गावाच्या पूर्वेला क्षितिजाच्या वर काय पेटलंय याचा कोणालाच पत्ता नाही.

ढग आहेत, आणि ढग नसते तरी काही उपयोग नव्हता. तुमच्या डोळ्यांना क्ष-किरण दिसत असते आणि वरची हवा काढून टाकता आली असती, तर त्या बाजूला सूर्य सोडून आकाशातला सगळ्यांत तेजस्वी क्ष-किरण स्रोत दिसला असता. ३ ऑगस्टला एरियल ५ या ब्रिटिश उपग्रहाला तो सापडला. नाव पडलं ए ०६२०-००. काही दिवसांत त्याचं तेज, एरवी ज्याच्याशी सगळ्यांची तुलना करतात त्या खेकडा तेजोमेघाच्या पन्नासपट झालं. आपला आर्यभट उपग्रह त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर गेला होता, आणि त्यावरही क्ष-किरणांचा प्रयोग होता; पण वीजपुरवठा बिघडला आणि चारपाच दिवसांत तो प्रयोग बंद पडला. चंद्रग्रहणाचं कारण पृथ्वीची सावली, असं सांगणाऱ्याचं नाव त्या उपग्रहाला होतं. एवढा मोठा तमाशा त्याच्या डोळ्यांदेखत झाला असता, पण डोळे तीन महिन्यांपूर्वीच मिटले होते.

गाडी हलेपर्यंत तबकडीची गोष्ट पुरी करू. बाकाला टेका, पण ओल्या घोंगडीला नको.

एरियलला सुरुवातीला दिसले ते किरण कठीण जातीचे होते, म्हणजे जास्त ऊर्जेचे. भडका वाढत गेला तसे ते मृदू होत गेले. का? कृष्णविवराजवळ दोन गोष्टी उजेड देतात. एक तबकडी: दाट, तापलेली, तिचे किरण तुलनेने मृदू. दुसरी, तिच्या आतल्या भागात पसरलेला विरळ पण भयंकर तापलेला वायू, प्रभामंडळ. तबकडीचे किरण त्यातून जाताना त्यातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांवर आदळतात आणि जास्त ऊर्जा घेऊन बाहेर पडतात, म्हणजे कठीण होतात. वायू कमी येत असेल तेव्हा तबकडी विवरापासून लांब थांबते, मधली जागा प्रभामंडळ व्यापतं आणि कठीण किरणांचा जोर असतो. वायूचा लोंढा आला की तबकडी आत सरकते आणि मृदू किरण वरचढ होतात. काही आठवड्यांनी लोंढा ओसरला की पुन्हा कठीण. वर्णपट असा बदलत जातो, आणि त्या बदलावरून तबकडीची आतली कड कुठपर्यंत आली याचा अंदाज बांधतात. इथूनही कोणी कड बघितलेली नाही. पाटणच्या अंगणातही सावलीची कड चंद्रानेच दाखवली होती.

आणि भडका विझल्यावर? विझल्यावर सोबतीचा तारा नीट दिसू लागला. तो पावणेआठ तासांत एक फेरी मारत होता. १९८६ मध्ये मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड यांनी त्याच्या फेरीचा वेग मोजून दाखवलं की न दिसणारा सोबती सूर्याच्या तिपटीहून जड आहे. इतकं जड आणि इतकं काळं दुसरं काही असू शकत नाही. आजचा हिशेब साधारण साडेसहा सूर्यांचा. त्या हिशेबाने परत न येण्याची सीमा, म्हणजे घटनाक्षितिज, आडवी मोजली तर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. चाळीसगावाहून पाचोऱ्यापर्यंत सरळ दोरी लावा, तेवढंच.

शिट्टी झाली. डबा हिसका देतो, अर्धा चहा तुमच्या अंगावर, अर्धा शेजाऱ्याच्या. रागावू नका, तो रागावलेला नाही. तो विचारतोय की धुळ्याला कोणाकडे.

पुढचे दोन टप्पे आपण खिडकीतूनच बघू. १९९६: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेले क्ष-किरण मोजणारे डबे आयआरएस-पी३ उपग्रहावर बसून वर गेले. श्रवणाजवळची ती जोडी, जीआरएस १९१५+१०५, त्यांनी पाहिली. ती १९९२ मध्ये भडकली आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षं तेजस्वी राहिली. या डब्यांना तिच्यात ठरावीक ठेक्यातले स्फोट सापडले: उजेड चढतो, एकाएकी कोसळतो, पुन्हा चढतो. आतला वायू क्षितिजापलीकडे नाहीसा होत असावा, अशी मांडणी आपल्या संशोधकांनी केली. २८ सप्टेंबर २०१५: श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट. त्यावर त्याच संस्थेचे तीन मोठे मोजक, लॅक्सपीसी. त्यांचं घड्याळ दहा मायक्रोसेकंदांचा फरक ओळखतं. त्रुटीचा तिसरा हिस्सा. त्यांनाही त्या जोडीची थरथर सापडली, सेकंदाला सदुसष्टच्या आसपास, म्हणजे एकेकीला पंधरा मिलिसेकंद. पाच तत्परं.

एका मिलिसेकंदात प्रकाश ३०० किलोमीटर जातो. आपण धुळ्याला उतरणार आहोत. तिथून मुंबई सरळ रेषेत साधारण तेवढीच. उजेड एका मिलिसेकंदात बदलताना दिसला, तर त्याचा उगम धुळे-मुंबई एवढ्या जागेत मावायलाच हवा. अठ्ठावीस हजार प्रकाशवर्षांवरच्या वस्तूबद्दल हे बोललं जातं, आणि हातात पुरावा फक्त घड्याळाचा.

इथे मात्र त्या पोराच्या तुलनेत आपण मागे आहोत, हे कबूल करावं लागेल. त्याने ग्रहणाची घटिका आधीच पाटीवर काढली होती. या काळ्या जोड्यांचं पंचांग कोणाकडेच नाही. ए ०६२० याआधी १९१७ मध्ये भडकला होता, हे हार्वर्डच्या जुन्या काचांवर नंतर सापडलं. १९१७, १९७५, पुढे? हंस तारकासमूहातला व्ही ४०४ हा १९३८, १९८९ आणि २०१५ मध्ये भडकला. या तीन आकड्यांत ठेका शोधून बघा. कारण ढोबळमानाने कळलंय. सोबतच्या ताऱ्याचा वायू वर्षानुवर्षं तबकडीत गिरणा धरणाच्या पाण्यासारखा साचत राहतो. तबकडी एका विशिष्ट तापमानाला पोहोचली की तिच्यातल्या हायड्रोजनच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, वायू एकमेकाला जास्त घासू लागतो आणि साचलेलं सगळं एकदम आत धावतं. पण धरणाची पातळी बघायला पट्टी असते. इथे किती साचलं, कुठे साचलं, हे बघायची सोय नाही, म्हणून दरवाजे कोणत्या दिवशी उघडतील ते सांगता येत नाही.

ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी आज कोणालाही उतरवून घेता येतात. जळगावच्या विद्यापीठातल्या पोरीला, धुळ्याच्या कॉलेजातल्या पोराला, चाळीसगावात रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसालाही. त्यासाठी घाण्यामागे पळीभर तेल द्यावं लागत नाही, बऱ्यापैकी संगणक आणि चिवटपणा लागतो. अभ्यासक्रम तोच आहे: उजेड कसा बदलतो ते पाहा, किती वेळात बदलतो ते मोजा आणि न दिसणाऱ्याचं माप काढा. राहिलेला धडा एकच, भडका उडायच्या आधी त्याची घटिका सांगण्याचा, आणि तो अजून कोणाच्याही पाटीवर सुटलेला नाही.